दोन नकाशे आणि एक इमारत

परदेशी विद्यापीठात शिक्षणासाठी अथवा इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील तरुण-तरुणींना आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेस बसावे लागते, आणि १९८९ पासून या नावाने चालत आलेल्या त्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक शाखेत लेखनाचा पहिला प्रश्न म्हणून अधूनमधून असा एक विषय घातला जातो, की ज्याच्याकडे परीक्षार्थी केवळ गुणांच्या दृष्टीने पाहत असल्यामुळे त्याच्या पोटात दडलेला फार जुना तात्त्विक प्रश्न त्याच्या लक्षातही येत नाही. प्रश्नपत्रिकेवर एकाच इमारतीचे दोन नकाशे शेजारी शेजारी छापलेले असतात. समजा, ती इमारत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची आहे. पहिल्या नकाशात मध्यभागी वाचकांची मेजे, भिंतींलगत ग्रंथांची कपाटे आणि एका कोपऱ्यात वृत्तपत्रांचे स्वतंत्र दालन. दुसऱ्या नकाशात मेजे नाहीशी झालेली, वृत्तपत्रांच्या दालनात संगणक आलेले, दोन लहान खोल्यांमधली भिंत जाऊन तेथे व्याख्यानांचे एक मोठे सभागृह झालेले आणि प्रवेशद्वाराशी उपाहारगृह थाटलेले. या दोहोंमधील फरक सुमारे वीस मिनिटांत, किमान १५० शब्दांत लिहून काढावयाचा असतो.

या लेखनाचा शिरस्ता मोठा कडक आहे. मुख्य मुख्य बदल निवडून सांगावेत, बारीकसारीक तपशिलांची जंत्री देऊ नये. आरंभी किंवा शेवटी संपूर्ण चित्राचा एक स्थूल आढावा घ्यावा, कारण तो नसेल तर बाकीचे लेखन कितीही शुद्ध असले तरी वरच्या श्रेणीचे गुण पदरात पडत नाहीत. काय बदलले याबरोबरच काय होते तसेच राहिले, हेही नमूद करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतःचे मत देऊ नये व नकाशात नसलेली कारणे कल्पनेने जोडू नयेत. मेजे हलविण्यात आली, भिंत पाडण्यात आली, दालनाचे रूपांतर करण्यात आले, एवढे लिहिण्याचा अधिकार परीक्षार्थीस आहे. ती कोणी पाडली, कशासाठी पाडली आणि पाडली हे बरे झाले की वाईट, याविषयी त्याने मौन पाळावयाचे. पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलही न टाकण्याची ही शिस्त मला मनापासून आदरणीय वाटते. ऐकीव गोष्टीवरून तावातावाने निष्कर्ष काढण्याची सवय ज्या काळात सर्वत्र बळावली आहे, त्या काळात जे दिसते तेवढेच सांगण्याचा सराव तरुणांना कोणी करून देत असेल, तर त्याचे उपकारच मानले पाहिजेत.

परंतु ही शिस्त एका गृहीतावर उभी आहे, आणि त्या गृहीताचा पुरावा दोन्ही नकाशांत कोठेही नाही. हे दोन्ही नकाशे एकाच इमारतीचे आहेत, हे आपण प्रश्नकर्त्याच्या शब्दावर मान्य करतो. ते मान्य केले नाही तर ‘बदल’ हा शब्दच निरर्थक ठरतो. दोन भिन्न इमारतींत भेद असतो, बदल नसतो. तेव्हा प्रश्न असा, की मेजे गेली, भिंत गेली, दालनांचे उपयोग पालटले, आणि तरीही जी ‘तीच’ राहिली, ती इमारत म्हणजे नेमके काय?

आपल्याकडील वैशेषिकांना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी परीक्षकाचे गृहीत तत्काळ फेटाळले असते. तंतूंपासून उत्पन्न होणारा पट हा तंतूंहून निराळा असा एक अवयवी होय, असे ते मानतात. पण त्याच न्यायाने त्या पटातील एक तंतू जरी काढून घेतला, तरी पूर्वीचा पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंपासून दुसरा, नवा खंडपट उत्पन्न होतो, असेही त्यांना म्हणावे लागते. त्यांची ही निष्ठा इतकी टोकाची आहे, की आव्यात भाजला जाणारा कच्चा घट परमाणूंपर्यंत विघटित होऊन पुन्हा नवा घडतो, असा सिद्धान्त मांडण्यास ते कचरले नाहीत. नैयायिकांना मात्र तो मानवला नाही आणि घट तसाच राहून त्याचा वर्ण पालटतो, असे त्यांनी ठरविले. वैशेषिकांच्या हिशोबाने ग्रंथालयाची भिंत ज्या क्षणी पडली, त्या क्षणी ते ग्रंथालय संपले. दुसऱ्या नकाशात आहे ते त्याच्या अवशेषांतून उत्पन्न झालेले, त्याच्यासारखे दिसणारे, पण दुसरे. बौद्धांचे म्हणणे याहूनही पुढचे. मिलिंद या ग्रीक राजाशी झालेल्या संवादात भिक्षू नागसेनाने रथाचे उदाहरण घेऊन, आस, चाके, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांहून वेगळाही रथ नाही, केवळ त्यांच्या आश्रयाने आपण एक व्यावहारिक नाव वापरतो, असे त्याच्या गळी उतरविले. ग्रंथालय हेही मग एक नावच, आणि नकाशाच्या माथ्यावर ते दोनदा छापले आहे एवढ्यावरून दोन वस्तूंचे ऐक्य सिद्ध होत नाही.

हा वाद पोथीतला म्हणून सोडून देता येत नाही, कारण जगातील प्रत्यक्ष वास्तूंनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जपानमधील इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने पुन्हा जसेच्या तसे उभारले जाते आणि जुने उतरविले जाते. परंपरेने ६९० पासून सांगितल्या जाणाऱ्या आणि मध्यंतरी युद्धकाळात दीर्घ खंड पडूनही पुन्हा सुरू झालेल्या या विधीची ६२वी आवृत्ती २०१३ मध्ये पार पडली. तेथे द्रव्य संपूर्ण पालटते, रचना तसूभरही पालटत नाही, आणि भक्ताच्या दृष्टीने मंदिर तेच असते. परीक्षेतल्या ग्रंथालयात याच्या नेमके उलट घडते: द्रव्य बहुतांशी तेच, रचना पालटलेली. आणि आपल्या पुण्यातील शनिवारवाड्याची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने ज्याची पायाभरणी केली, त्या वाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत जळून गेले; तट, बुरूज, दरवाजे आणि जोती राहिली. तटाच्या आत आज जे दिसते, तो अक्षरशः जमिनीवर दगडांनी आखलेला एक नकाशा आहे. कोठे चौक होता, कोठे दिवाणखाना होता, हे जोत्यांवरून ताडावे लागते. वाडा नाही, वाड्याचा आराखडा आहे, आणि तरीही ‘शनिवारवाड्यात जाऊन आलो’ असेच आपण म्हणतो, ‘शनिवारवाड्याच्या जागेवर जाऊन आलो’ असे म्हणत नाही. म्हणजे ऐक्य केवळ द्रव्यात मानावे तर इसे आडवे येते, केवळ रचनेत मानावे तर ग्रंथालय आडवे येते, आणि दोन्ही असल्याशिवाय ते नाही असे म्हणावे तर शनिवारवाडा आडवा येतो.

या पेचातून आचार्य शंकरांनी काढलेली वाट मला परीक्षार्थीच्या फार जवळची वाटते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात क्षणिकवादाचे खंडन करताना, वस्तू क्षणोक्षणी वेगळी असून केवळ सादृश्यामुळे ती तीच असल्याचा भास होतो, या बौद्ध पक्षाला ते असे उत्तर देतात, की ‘हे त्याच्यासारखे आहे’ एवढे म्हणावयाचे झाले तरी पूर्वीची वस्तू आणि आताची वस्तू या दोन्ही पाहणारा कोणीतरी एक असावा लागतो. दोन क्षणांतून टिकून राहणारा असा द्रष्टा नसेल, तर सादृश्य तरी कोणाला दिसावे? नकाशे एकमेकांना पाहत नाहीत. पहिल्या नकाशाला दुसऱ्याची खबर नाही, दुसऱ्याला पहिल्याची आठवण नाही. आणि इमारत तीच की दुसरी, हा वाद ज्याच्यापुढे चालावयाचा, तो पेन्सिल हातात घेऊन बसलेला परीक्षार्थी मात्र त्या दोन्ही नकाशांच्या दृष्टीने एकच असावा लागतो. बदलाचे वर्णन करणारा स्वतः त्या बदलाच्या बाहेर उभा असतो. इमारतीचे ऐक्य संशयास्पद राहिले तरी द्रष्ट्याचे ऐक्य त्या संशयालाही आधीच गृहीत धरावे लागते. वीस मिनिटांच्या त्या लेखनात वेदान्ताच्या साक्षीचे हे इतके साधे, इतके रोकडे प्रत्यंतर मिळते, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

तथापि साक्षी असणे म्हणजे उदासीन असणे, आणि उदासीन असणे हीच ज्ञानाची परिपूर्ती, असे जर कोणी यावरून समजेल, तर त्याने जैन दर्शनाकडे वळून पाहावे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सत् वस्तूचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तीन धर्मांनी बांधले. उपजणे, नाहीसे होणे आणि टिकणे ही एकाच वस्तूची एकाच काळची अंगे होत. ग्रंथालयाच्या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत न्याय्य उत्तर हेच आहे, कारण ते भिंत पडली हेही खरे मानते, सभागृह झाले हेही खरे मानते आणि ग्रंथालय राहिले हेही खरे मानते. वैशेषिकांप्रमाणे एकाच्या नादाने दुसऱ्याचा बळी देत नाही. पण या सिद्धान्ताचे खरे मर्म आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेतील सोन्याच्या दाखल्यात आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडविला जातो, तेव्हा ज्याला घट हवा होता त्याला दुःख होते, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद होतो, आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो मध्यस्थ राहतो. आणि या तिन्ही वृत्तींना वस्तूमध्येच सकारण आधार आहे, त्यांतली कोणतीही भ्रामक नाही.

आता हा दाखला ग्रंथालयाला लावून पाहा. वृत्तपत्रांच्या दालनात रोज सकाळी येऊन बसणारा, घरी वर्तमानपत्र परवडत नसलेला एखादा निवृत्त कामगार असेल. ते दालन गेले तेव्हा त्याला दुःख झाले. घरी संगणक नसलेली एखादी मुलगी असेल. तिला आनंद झाला. आणि परीक्षार्थी? तो मध्यस्थ आहे, यात शंका नाही. पण त्याची मध्यस्थता कोणत्या जातीची? सुवर्णार्थी मध्यस्थ असतो, कारण घट आणि मुकुट या दोहोंच्या आत असलेले सोने त्याला दिसत असते. परीक्षार्थी मध्यस्थ असतो, कारण त्याला ना घटाशी कर्तव्य, ना मुकुटाशी, ना सोन्याशी. वरकरणी या दोन वृत्ती अगदी सारख्या दिसतात. दोघेही हळहळत नाहीत, दोघेही हर्षत नाहीत, दोघांचीही वाक्ये सारखीच शांत असतात. पण एकीचा उगम पाहण्यात आहे आणि दुसरीचा न पाहण्यात. आणि आपल्या धर्मपरंपरांनी ज्या समत्वाचा एवढा महिमा गायिला, ते समत्व पहिल्या जातीचे होय, हे विसरून जर आपण दुसऱ्यालाच विवेक समजू लागलो, तर निर्विकारपणाच्या नावाखाली निव्वळ बेपर्वाई पोसली जाईल, अशी मला भीती वाटते.

ही भीती अकारण नाही, हे या लेखनातून कर्ता ज्या तऱ्हेने वगळला जातो, त्यावरून दिसून येते. भिंत पाडण्यात आली, असे म्हटले की पाडणारा वाक्याबाहेर जातो, आणि नकाशापुरते पाहता ते रास्तच आहे, कारण नकाशात तो कोठेच काढलेला नाही. परंतु जे दिसत नाही ते नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायमतात कर्ता म्हणजे नुसता हात चालविणारा नव्हे. ज्याला साधनांचे ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि ज्याच्याकडून प्रयत्न घडतो, तो कर्ता. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत जगत् हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे, अशा मार्गाने ईश्वराची सिद्धी केली. ते अनुमान कोणास मान्य होवो अथवा न होवो, मीमांसकांना तर जगाचा निर्माता मान्य नव्हताच. पण एवढे खरे, की आपल्या तत्त्वचिंतकांनी कार्य पाहून कर्त्याविषयी विचारण्याचे कधी सोडले नाही. भगवान बुद्धांनी ईश्वर मानला नाही, तरी बोधी प्राप्त झाल्यावर त्यांच्या मुखातून निघालेले म्हणून धम्मपदात जे उद्गार सांगितले आहेत, त्यांत एक घर बांधणारा आहे. अनेक जन्म ज्याला शोधीत फिरलो, तो घर रचणारा आज सापडला, त्याचे वासे मोडले, आढे कोसळले, आता तो पुन्हा घर रचू शकणार नाही, अशा आशयाचे ते उद्गार आहेत, आणि तो रचणारा म्हणजे तृष्णा होय. घराच्या खोल्या कशा बदलत गेल्या, याचे वर्णन करीत बसण्यात मुक्ती नाही. जन्मोजन्मी ज्याने भिंती उभारल्या, त्याला तोंडावर ओळखण्यात आहे. कर्मवाच्य वाक्यांनी ज्या प्रश्नाला बाहेर ठेवले, तोच बुद्धांच्या दृष्टीने एकमेव विचारण्याजोगा प्रश्न होता.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की गीतेने तर अहंकाराने मूढ झालेलाच ‘मी कर्ता’ असे मानतो असे सांगितले. तेव्हा कर्ता वगळणे ही अध्यात्माची उच्च भूमिका नव्हे काय? आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. गीतेने कर्तृत्व सोडावयास सांगितले ते स्वतःचे, आणि तेही कर्म करून, त्याची पूर्ण जबाबदारी अंगावर घेऊन, त्याच्या फळावरचा हक्क तेवढा सोडून. अर्जुनाने युद्ध करावयाचे, आणि ‘युद्ध करण्यात आले’ असे म्हणून शिबिरात निघून जावयाचे, असा उपदेश त्यात कोठेही नाही. स्वतःचा ‘मी’ गाळणे हा संन्यास होय. दुसऱ्याच्या कृत्यातून त्याचा ‘मी’ गाळणे ही त्याला दिलेली सूट होय. या दोहोंची गल्लत सरकारी पत्रव्यवहारात फार दिवसांपासून चालत आलेली आहे, आणि ‘निर्णय घेण्यात आला आहे’ अशा वाक्यापुढे हतबल होऊन उभ्या राहिलेल्या अर्जदारास ती पुरती परिचित आहे.

आणि तरी त्याच सरकारी दफ्तरात याहून शहाणी अशी एक जुनी तजवीज आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. आपल्या महसुली कारभारात गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची नोंदवही. जमिनीच्या हक्कात काहीही पालट झाला, तर तो कोणाकडून कोणाकडे झाला आणि खरेदीखत, वारसा, वाटणी यांपैकी कशाच्या आधाराने झाला, हे तीत लिहावे लागते. हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, कोणाची हरकत असल्यास ती घेण्यास मुदत असते, आणि हरकत आली तर तिची वेगळी नोंद करून चौकशी होते. त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. या रूक्ष जाबत्यात समंतभद्रांचे तिन्ही इसम हजर आहेत. ज्याला मिळाले त्याचे नाव आहे, ज्याचे गेले त्याला तक्रारीचा रकाना आहे, आणि ती जमीन, तिचा गट क्रमांक, ही ध्रुव म्हणून कायम आहे. प्रमाणित करणारा अधिकारी मध्यस्थ असतो, पण सर्वांचे ऐकून घेतल्यानंतरचा मध्यस्थ.

नकाशाची मर्यादा किती खोल आहे, हे पाहावयाचे असेल तर इस्तंबूलमधील हागिया सोफियाकडे पाहावे. ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या कारकिर्दीत पूर्ण झालेले ते चर्च. त्याचा पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि नव्याने बांधला गेला. १४५३ च्या उस्मानी विजयानंतर ते मशीद झाले, १९३४ च्या निर्णयाने वस्तुसंग्रहालय ठरले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाले. त्याच्या दोन काळांच्या नकाशांची तुलना करावयास सांगितली, तर चौकस परीक्षार्थीस एक फार अर्थपूर्ण खूण सापडेल: मूळ वेदीची दिशा आणि मक्केची दिशा एक नसल्यामुळे मशिदीचा मिहराब इमारतीच्या मध्यरेषेवर न बसता थोडासा बाजूला बसला आहे. दोन धर्मांच्या प्रार्थनेतील तो कोन कागदावर मोजता येतो. पण १९३५ मध्ये जनतेस खुल्या झालेल्या संग्रहालयाचा नकाशा आणि आजच्या मशिदीचा नकाशा शेजारी ठेवले, तर भिंती त्याच, खांब तेच, घुमट तोच; जमिनीवर गालिचा आला आणि प्रार्थनेच्या वेळी काही प्राचीन चित्रांवर पडदे येऊ लागले, यापलीकडे लिहिण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. ‘रचनेत लक्षणीय बदल झालेला नाही’ असे वाक्य त्याने लिहिले, तर परीक्षकास त्याचा एकही गुण कापता येणार नाही. आणि तरीही त्याच बदलाने कोणाला अश्रू आले आणि कोणी आनंदाने नमाजास उभे राहिले, हे सर्व जगाने पाहिले आहे. तो आनंदही खरा आणि ते दुःखही खरे. समंतभद्रांनी दोहोंनाही सकारण म्हटले असते.

म्हणून या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना माझी एक सूचना आहे, आणि ती परीक्षेच्या नियमांना कोठेही धक्का लावीत नाही. विद्यार्थ्याने वीस मिनिटांत आपले १५० शब्द पूर्ण शिस्तीने, पुराव्याच्या आत राहून, मत न देता लिहून काढावेत, आणि ते तपासून परत दिल्यानंतर त्याच दोन नकाशांवर त्याला आणखी थोडा वेळ द्यावा, गुणांवाचून, आणि वाटल्यास मराठीत. या खेपेस त्याने इतकेच लिहावे, की भिंत पाडण्याचा हुकूम कोणी दिला असेल, तत्पूर्वी कोणाला विचारावयास हवे होते, कोणत्या खोलीत बसणाऱ्याची हरकत नोंदवून घ्यावयास हवी होती आणि इतके सारे पालटूनही ही इमारत तीच आहे असे तो कशाच्या आधाराने म्हणतो. पहिल्या उत्तराच्या बळावर त्याला विलायतेचा परवाना मिळेल. दुसरे उत्तर त्याने वहीत जपून ठेवावे, कारण उद्या तेथील एखाद्या रुग्णालयात, कार्यालयात किंवा नगरपालिकेत जेव्हा खरा नकाशा त्याच्यापुढे मंजुरीसाठी येईल, तेव्हा त्याची सही कर्त्याच्या रकान्यात पडणार आहे.